तुटलेल्या बिटचं टोक: नौदलाच्या हवाई तळावरच्या एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

संध्याकाळी पावणेसहाला टूल स्टोअरच्या खिडकीवर स्क्रूड्रायव्हरचा एक सेट परत आला. तिथल्या बोर्डावर प्रत्येक हत्याराची सावली लाल रंगात काढलेली असते. हत्यार जागेवर लागलं की लाल रंग झाकला जातो, एखादं राहिलं तर लांबूनही दिसतं. त्या दिवशी बोर्ड पूर्ण भरणार होता. टोकन परत द्यायचं, रजिस्टरवर सही घ्यायची, एवढंच काम उरलं होतं. खिडकीतल्या पोरानं शेवटचं बिट (मुठीत बसवायची पोलादी दांडी) बोर्डावर लावण्याआधी त्याच्या टोकावरनं अंगठा फिरवला आणि तो थांबला. आपल्याकडं ज्याला सगळे स्टार म्हणतात तसलं फिलिप्स बिट होतं ते. टोकाला चार पाकळ्या हव्यात. दोनच होत्या.

हत्यारांची मोजणी बरोबर होती. तरीही त्यानं रजिस्टर बंद करायला नकार दिला.

या प्रकरणाबद्दल मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत दर शनिवारी सुपरवायझर लोकांशी बोलतो. ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर खलाशाचं शिक्षण, मग कोचीला विमानाचं तांत्रिक शिक्षण, मग वीस वर्षं वेगवेगळ्या तळांवर एअर आर्टिफिसर, म्हणजे विमानांचा तंत्रज्ञ, अशी माझी नोकरी झाली. आता इथल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. नौदलात मेजर हा हुद्दा नाही, पण कोल्हापूरकडं सेवानिवृत्त फौजी म्हणजे मेजर, त्यामुळं शॉपमध्ये मीही मेजर आहे. तळाचं आणि माणसांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचा एक तळ, २००० नंतरच्या दशकातली गोष्ट, एवढं पुरे.

तळ चालतो कसा

कोचीचा आयएनएस गरुड हा नौदलाचा पहिला हवाई तळ, ११ मे १९५३ चा. पुढं दाबोळीला हंसा, विशाखापट्टणमला डेगा, अरक्कोणमला राजाली, कुलाब्याला शिक्रा झाले. नावं सगळी पक्ष्यांची. डेगा हा तेलुगूतला आणि राजाली हा तमिळमधला शिकारी पक्षी. जमिनीवर असले तरी कागदोपत्री ही जहाजंच. गेटबाहेर बाजारात जायचं तरी खलाशी ‘अशोर चाललो’, म्हणजे किनाऱ्यावर चाललो, म्हणतो.

बाहेरच्या माणसाला या तळावर वैमानिक आणि विमान दिसतं. पण सकाळी पहिलं विमान हलण्याआधी किती खिडक्या उघडाव्या लागतात, ते आत राहिल्याशिवाय कळत नाही. हवामानाच्या मेट ऑफिसचा माणूस पहाटे वारा आणि ढगांचा तक्ता घेऊन ब्रीफिंगला येतो. टॉवर धावपट्टी तपासून घेतो. एअर हँडलर लोक ट्रॅक्टरनं विमानं ओढून रांगेत लावतात. आगीचा बंब इंजिन सुरू ठेवून जागेवर उभा राहतो. सेफ्टी इक्विपमेंटची पोरं लाइफ जॅकेट, पॅराशूट आणि तराफे तपासून देतात. इंधनाच्या टँकरमधनं नमुना काढून त्यात पाणी किंवा गाळ आहे का ते बाटलीत धरून बघतात. पक्षी हाकलणारी माणसं धावपट्टीच्या कडेला फिरत असतात. ते कामही हलकं समजायचं नाही. १६ नोव्हेंबर २०१९ ला गोव्यात वेर्ण्याजवळ मिग-२९के कोसळलं ते इंजिनाला पक्षी धडकल्यामुळं. दोन्ही वैमानिक बाहेर पडले म्हणून वाचले.

यातला कुणीही एक ‘थांबा’ म्हणाला की उड्डाण थांबतं. आमच्या त्या रात्री हे ‘थांबा’ टूल स्टोअरच्या खिडकीतनं आलं.

कुठलं विमान, कसली घाई

सेट ज्या हेलिकॉप्टरवर वापरला होता ते चेतक होतं. फ्रेंच बनावटीचं मूळ डिझाइन, आपल्याकडं हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बांधलेलं, एका इंजिनाचं. नौदलात हे हेलिकॉप्टर बचावासाठी उभं असतं. दुसरी विमानं समुद्रावर जाणार असतील तर बचावाचं हेलिकॉप्टर तयार हवंच. कुणी पाण्यात पडला तर त्याला उचलून आणणारा तळावर हजर नसेल, तर बाकीच्यांनी आकाशात जायचं नाही.

तळावर तीन चेतक होती. एक मोठ्या सर्व्हिसिंगसाठी हँगरात उघडून ठेवलेलं. दुसऱ्याचे पुढच्या तपासणीआधीचे उड्डाणाचे थोडेच तास उरलेले, म्हणून ते जपून वापरत होतो. तिसरं हे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून बचावाची ड्यूटी याच्यावर होती आणि सातला डॉर्नियर विमान समुद्रावर गस्तीला जाणार होतं.

दिवसपाळीनं केबिनच्या फरशीचं एक पॅनल तपासणीसाठी काढून परत बसवलं होतं. त्या फरशीखालनं कंट्रोलचे दांडे जातात. वैमानिक हातातला दांडा हलवतो त्याची हालचाल याच वाटेनं पुढं पोचते. पोलादाचा तांदळाएवढा कण तिथं एखाद्या सांध्यात अडकला, तर समुद्रावर हवेत तरंगत्या हेलिकॉप्टरमधल्या माणसाला ते कधी कळेल याचा विचार करा.

स्टोअरच्या पोरानं स्क्वाड्रनच्या मेंटेनन्स ऑफिसला फोन केला. ड्यूटी चीफ, म्हणजे पाळीवरचे प्रमुख तंत्रज्ञ, पाच मिनिटांत खिडकीशी आले. बिट हातात घेतलं, उजेडाकडं धरून फिरवलं आणि एवढंच विचारलं, “सकाळी देताना टोक पूर्ण होतं, हे कशावरून?” पोरानं सकाळचं पान काढलं. देतानाही त्यानं अंगठा फिरवला होता आणि शेऱ्यात बरोबरची खूण केली होती. ती खूण नसती तर पुढचा वाद रात्रभर चालला असता: बिट आधीच तुटलेलं असेल, कुणी बघितलंय? एका खुणेनं तो वाद मिटवला. चीफनी हेलिकॉप्टरच्या नोंदवहीत लाल शाईनं लिहिलं: उड्डाणास अयोग्य.

रात्र

सहा वाजता चेतक ट्रॅक्टरनं हँगरात आणलं. मी रात्रपाळीला होतो. पॅनल पुन्हा उघडलं. एक जण टॉर्च धरून, दुसरा लांब दांडीचा आरसा घेऊन, तिसरा चुंबक. फरशीखालच्या जागेचे आम्ही खडूनं चौकोन पाडले आणि एकेका चौकोनावर एकेकाचं नाव लिहिलं. ज्यानं चौकोन बघितला त्यानंच सही करायची.

सातला कमांडर एअर आले. उड्डाणाची सगळी जबाबदारी त्यांच्याकडं. त्यांनी घाई केली नाही आणि आम्हाला वेळही विचारली नाही, पण बाहेर पडून त्यांनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की हे चेतक उद्या सकाळी मिळणार नाही असंच धरून चालायचं. टॉवरला कळवलं. डॉर्नियरची वेळ पुढं ढकलली. दुसऱ्या चेतकचे उरलेले तास कुठं खर्च करायचे ते मेंटेनन्सबरोबर बसून ठरवलं. सेफ्टी इक्विपमेंटला दुसऱ्या चेतकवर बचावाचं सामान चढवायला सांगितलं आणि त्याची विंच तपासून घेतली. विंच म्हणजे केबलनं माणूस वर ओढणारं यंत्र. यामुळं आमच्या डोक्यावरचं घड्याळ निघून गेलं. शोधणाऱ्याच्या मागं घड्याळ लागलं की त्याला जे आहे तेही ‘नाही’च दिसायला लागतं, हे मी पुढं कारखान्यातही बघितलं.

सात चाळीसला चुंबकाला एक कण लागला. आनंद झाला, पण चीफनी भिंग मागवलं. तुटलेलं बिट आणि सापडलेला कण पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले. कण एका पाकळीच्या जागी बरोबर बसला. दुसऱ्या पाकळीची जागा रिकामीच राहिली. “अर्धं सापडलं म्हणजे सापडलं नाही,” चीफ म्हणाले आणि आम्ही पुन्हा पहिल्या चौकोनापासून सुरुवात केली, यावेळी माणसं अदलाबदल करून.

आग विझवणाऱ्या क्रॅश फायरच्या गटानं त्यांचे स्टँडचे दिवे आणून दिले. गॅलीनं, म्हणजे तळाच्या स्वयंपाकघरानं, अकराला चहा आणि ऑम्लेट-पाव पाठवला, तो हँगरच्या दाराबाहेर उभं राहून खायचा, कारण उघड्या विमानाजवळ खाणं चालत नाही. मध्यरात्री चीफनी दोघांना झोपायला पाठवलं. रात्रभर जागलेल्या माणसानं सकाळी विमानाला हात लावायचा नाही, म्हणून सकाळच्या जोडणीची माणसं आधीच बाजूला काढून ठेवली. तेव्हा मला राग आला होता, हात कमी पडत होते म्हणून. आज मीही तेच करेन.

दोन वाजून दहा मिनिटांनी दुसरा कण सापडला. फरशीखाली नव्हताच तो. क्वालिटीचे एक पेटी ऑफिसर, म्हणजे खलाशांतले एक वरिष्ठ, कामाची कागदपत्रं पहिल्या पानापासून वाचत बसले होते. एका ओळीवर ते थांबले: ‘एक स्क्रू जाम, काढला, नवीन बसवला.’ काढलेला स्क्रू कुठं आहे? आमच्याकडं विमानातनं निघालेली कुठलीही वस्तू काम बंद होईपर्यंत चिठ्ठी लावून पिशवीत ठेवायची पद्धत होती. ती पिशवी दिवसपाळीच्या कपाटात कुलूपबंद होती. उघडली. स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेत दुसरी पाकळी घट्ट रुतून बसली होती. भिंगाखाली तीही जागेवर बसली. बिट पूर्ण झालं.

पहाटे पॅनल बंद करून स्वतंत्र तपासणी झाली. डॉर्नियर दोन तास चाळीस मिनिटं उशिरा निघालं.

मुळाशी काय होतं

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ज्या पोराच्या हातून बिट तुटलं त्याला चीफनी शेजारी बसवून घेतलं. त्यानं खरं ते सांगितलं. जोर लावताना ‘किट्ट’ असा आवाज आला, त्याला वाटलं स्क्रू सुटला, आणि स्क्रू खरंच सुटला होता. म्हणून त्यानं टोकाकडं बघितलं नाही. त्याला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली असती तर पुढच्या ‘किट्ट’ आवाजाची गोष्ट कुणी सांगितली नसती, असं माझं ठाम मत आहे.

पण हा स्क्रू जाम का झाला, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. बचावाच्या सरावात पाणबुड्याला समुद्रातनं विंचवर उचलून केबिनमध्ये घेतात. त्याच्या अंगावरचं खारं पाणी फरशीवर निथळतं आणि स्क्रूच्या डोक्यांत साठतं. पोलादी स्क्रू, ॲल्युमिनियमची फरशी आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे गंज ठरलेला. म्हणून समुद्रावरनं आलेलं विमान गोड्या पाण्यानं धुतात आणि गंजरोधक द्रव लावतात. आमच्या धुण्याच्या जागेवर पाच-सहा आठवडे पाण्याचा दाब कमी होता. पोरं बादलीनं वरनं पाणी मारत होती. बाहेरचं अंग स्वच्छ दिसायचं, फरशीच्या खाचेतलं मीठ तसंच राहायचं.

पंपाची तक्रार नोंदवलेली होती. तक्रारवहीत ती पाण्याच्या इतर तक्रारींच्या रांगेत उभी होती, राहत्या घरांतल्या नळांच्या आणि बागेच्या पाइपच्या मागं. ती लिहिताना कुणी ‘विमान धुण्याचं पाणी’ असं लिहिलं नव्हतं, ‘दाब कमी’ एवढंच लिहिलं होतं. वाचणाऱ्याची चूक म्हणावी तर त्याला काय कळणार? विमानाला हात न लावणारा विभागही उड्डाणाशी जोडलेला असतो, हे तक्रार लिहिणाऱ्यानं त्याला सांगायला हवं होतं. पुढं त्या वहीत उड्डाणाशी संबंधित तक्रारींना वेगळं लाल पान आलं. पंप चार दिवसांत दुरुस्त झाला.

दुसरी त्रुटी पाळीबदलाची. दिवसपाळीनं आम्हाला ‘पॅनल बंद, काम पूर्ण’ सांगितलं. जाम स्क्रूचं बोलणं झालंच नाही. कागदावर होतं, तोंडी नव्हतं. पेटी ऑफिसरनी आठ तासांनी वाचलेली ओळ आम्ही सहाला ऐकली असती तर पहिली उघडली असती ती पिशवी.

गोकुळ शिरगावातली चर्चा

हे प्रकरण मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा शेडमागच्या उजळाईवाडीच्या धावपट्टीवर एक विमान उतरत होतं. कोल्हापूरचा हा विमानतळ १९३९ चा, राजाराम महाराजांच्या काळातला. त्या आवाजात आमचा एक जुना सुपरवायझर म्हणाला, “मेजर, आमच्याकडं बिट तुटलं की नवीन घ्यायचं. एवढ्याशा कणानं काय हुतंय?”

मी त्याला पॅरिसचं सांगितलं. २५ जुलै २००० ला काँकॉर्ड हे प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत होतं. आधी गेलेल्या एका विमानातनं पडलेली जेमतेम हातभर लांब धातूची पट्टी धावपट्टीवर होती. तिनं टायर फाटला, टायरचा तुकडा पंखातल्या टाकीवर आदळला, आग लागली. विमानातली आणि जमिनीवरची मिळून ११३ माणसं गेली. तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. बरोबरच होतं त्याचं, आमच्या शॉपमधनं विमान उडत नाही.

मग दुसऱ्यानं खरा प्रश्न काढला. कण शेवटी पिशवीतच होता, मग आठ तास फरशीखाली शोधलं ते फुकट गेलं की नाही? यावर शनिवारचा सगळा तास गेला. माझं म्हणणं असं की दुसरा कण फरशीखाली नाही हे पाच जणांच्या सह्यांनी लिहिलेलं नसतं, तर पिशवीतला तुकडा सापडल्यावरही ‘अजून एखादा असेल’ ही शंका राहिली असती. शिवाय एक कण फरशीखालीच होता. त्याचं म्हणणं असं की आधी कागद वाचायचा, मग हात घालायचा. पुढच्या खेपेला हे प्रकरण मांडताना मी त्याचं म्हणणं स्वीकारलं. शोध सुरू करतानाच एक माणूस कागदावर आणि बाकीचे विमानावर, दोन्ही एकाच वेळी सुरू व्हायला हवं होतं.

तिसरा प्रश्न एका तरुण पोरीनं विचारला, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, असते ती. “सर, त्या स्टोअरवाल्या दादांना कुणी काही म्हटलं नाही का? सगळ्यांची रात्र गेली ना त्यांच्यामुळं.”

म्हटलं होतं. हँगरात रात्री एक-दोघांनी कुरकुर केली होती, त्यांत मीही होतो. सकाळच्या ब्रीफिंगला कमांडर एअरनी त्याला सगळ्या वैमानिकांसमोर बोलावलं, त्याच्या हाताला हात लावला आणि त्याचं नाव घेऊन आभार मानले. डॉर्नियरचे वैमानिक उठून उभे राहिले. पोरगा आजऱ्याकडचा, नौदलात येऊन तीन वर्षंही झाली नव्हती, त्याला कुठं बघावं ते कळेना.

तो आता निवृत्त होऊन गावी असतो. मध्यंतरी टेंबलाईवाडीच्या फौजी कँटीनमध्ये सामानाच्या रांगेत भेटला. मी विचारलं, “तू बिट डोळ्यांनी का नाही बघितलंस रे, अंगठा का फिरवलास?” तो म्हणाला, “आमचे वडील सुतार. संध्याकाळी काम आवरताना पटाशी ठेवायच्या आधी अंगठा फिरवायचे. दात पडला असला तर तिथंच दगडावर घासायचे, उद्यावर नाही ठेवायचे. मी लहानपणापासून तेच बघितलंय. डोळ्याला चकाकी दिसते, अंगठ्याला दात लागतो.”

आमच्या शॉपमध्ये आता प्रत्येक मशीनशेजारी झाकणाचा एक डबा आहे. निघालेला स्क्रू, तुटलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार), फुटलेला इन्सर्ट (धातू कापणारं पातं) त्यात चिठ्ठीसकट जातो, आणि तो रिकामा करायचा अधिकार फक्त दुसऱ्या पाळीच्या माणसाला आहे, समोरासमोर बोलून झाल्यावर. पहिल्या महिन्यात डब्यातल्या एका टॅपचं टोक जुळेना. सीएनसीवरच्या त्या पोरीनंच जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, थांबवला. टोक त्याच्या बोअरच्या, म्हणजे पाडलेल्या भोकाच्या, तळाशी होतं, आणि जॉब संध्याकाळच्या गाडीत चढायचा होता.